बी १२ ची रक्ततपासणी: आधी सुई, मग गोळी. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

माझी सुरुवात पायाच्या बोटांपासून झाली. मुंग्या. बसून उठलं की येतात तशा नाही, दिवसभर, आणि रात्री पांघरुणात जास्तच. ओळखीतल्या एकीने सांगितलं "बी १२ कमी असेल, गोळ्या घे", मी घेतल्या, तीन आठवडे घेतल्या, आणि मग आठवलं की अरे एकदा टेस्ट करून बघू. रिपोर्ट आला ६१२. झकास. डॉक्टर म्हणाले बी १२ चांगलं आहे, दुसरं काहीतरी बघू. मीही खूश होऊन गोळ्या बंद केल्या आणि पुढचे पाच महिने मणक्याचे फोटो, साखर, थायरॉइड असं सगळं करत फिरले.

मग एक दिवस बेसिनपाशी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि सरळ पुढे गेले, नळावर हनुवटी आपटली. चक्कर नव्हती आली. डोळे मिटल्यावर पाय कुठे आहेत हेच कळलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या ६१२ वाल्या टेस्टच्या आधी काही घेत होतात का?" तो प्रश्न पाच महिने आधी कुणी विचारला असता, किंवा मी आपणहून सांगितलं असतं, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

मी डॉक्टर नाही, लॅबवालीही नाही. पण या टेस्टच्या मागे इतकी फिरले की आता कुणी नुसतं "बी १२ केलंय, नॉर्मल आहे" म्हटलं तरी चार प्रश्न तोंडात येतात. तेच इथे लिहितेय. कोबालामिन म्हणजेच बी १२ बरं का, रिपोर्टवर दोन्हीपैकी काहीही छापलेलं असू शकतं, कधी सायनोकोबालामिन पण.

जाताना सोबत काय ठेवायचं

- जुने सगळे सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) रिपोर्ट, चार-पाच वर्षांपूर्वीचे सापडले तर फारच उत्तम (का ते पुढे येईल)
- चालू औषधांची यादी, डोस आणि कधीपासून घेताय त्यासकट
- सप्लिमेंटच्या बाटल्यांचा मागच्या बाजूचा फोटो, म्हणजे जिथे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ती बाजू. मल्टिव्हिटॅमिन, केसांच्या गोळ्या, एनर्जी ड्रिंक, सगळं
- पोटाचं, आतड्याचं किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद
- घरात कुणाला पर्निशियस अॅनिमिया (यात खाल्लेलं बी १२ आत जातच नाही, आठव्या पायरीत येईल), थायरॉइडचा ऑटोइम्यून त्रास (शरीर स्वतःवरच हल्ला करतं तसला) किंवा कोड असेल तर त्याची नोंद
- लक्षणं तारखेसकट एका कागदावर. डॉक्टरसमोर बसलं की अर्धं विसरायला होतं, माझं तर होतंच

१. टेस्टच्या आधी बी १२ घेऊ नका

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे म्हणून पहिलं. गोळी घेतली, इंजेक्शन घेतलं की रक्तातला आकडा चढतो, आणि तो चढलेला आकडा फक्त एवढंच सांगतो की तुम्ही बी १२ घेतलंय. पेशींपर्यंत किती पोचलं, आधी किती कमी होतं, कमी का झालं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. इंजेक्शननंतर तर आकडा बरेच दिवस इतका वर असतो की टेस्ट करण्यात काही अर्थ राहत नाही.

आणि घेऊन झालंच असेल तर? लपवू नका, सांगा. कुठलं, किती मायक्रोग्रॅम, शेवटचं कधी. आता मी गोळ्या बंद करते आणि दोन महिन्यांनी टेस्ट करते असा निर्णय स्वतःचा स्वतः घेऊ नका. हातापायात बधिरपणा, तोल जाणं, विसराळूपणा असलं काही असेल तर थांबणं महागात पडू शकतं, नसांचं नुकसान जितकं लांबतं तितकं ते पूर्ण भरून यायची शक्यता कमी होत जाते. अशा वेळी डॉक्टर दुसरा रस्ता काढतात, तो सहाव्या पायरीत आहे.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण काहीजण टोकाला जातात. नसांची लक्षणं आहेत, रक्त देऊन झालंय, रिपोर्ट यायला आठवडा आहे, तर उपचारही आठवडाभर थांबवायचे का? नाही. रक्त एकदा ट्यूबमध्ये गेलं की नंतर घेतलेल्या गोळीने त्यातला आकडा बदलत नाही, त्यामुळे डॉक्टर त्याच दिवशी उपचार सुरू करू शकतात. आधी सुई मग गोळी याचा अर्थ एवढाच.

आणखी एक. नुसतं फोलिक अॅसिड आपल्या मनाने सुरू करू नका. बी १२ कमी असताना फोलिक अॅसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारू शकतं, सगळ्यांना वाटतं बरं होतंय, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

२. तुम्हाला ही टेस्ट खरंच हवी का

लक्षणं बघायला गेलं तर थकवा सगळ्यांनाच असतो, त्याच्यावरून काही ठरत नाही. पण यातलं काही असेल तर डॉक्टरांकडे विषय काढा: दोन्ही पायात सारख्या मुंग्या किंवा बधिरपणा, अंधारात किंवा डोळे मिटून तोल जाणं, जीभ लाल गुळगुळीत होऊन झोंबणं, जिने चढताना नव्याने लागणारी धाप, शब्द न आठवणं, चिडचिड किंवा उदासी जी आधी नव्हती.

आणि यातलं काही लागू असेल तर जरा जास्तच लक्ष द्या:

- बरीच वर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू आहे
- अॅसिडिटीच्या गोळ्या, ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोलसारख्या, सतत चालू आहेत
- जठर किंवा लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलाय, किंवा क्रोन्स, सीलिअॅक असा आतड्याचा आजार आहे
- प्राणिजन्य काहीच खात नाही आणि सप्लिमेंटही नाही
- वय साठच्या पुढे
- नायट्रस ऑक्साइडची, म्हणजे लाफिंग गॅसची नशा केलीय (लाज वाटली तरी हे सांगाच, सातव्या पायरीत कारण आहे)

"मी तर वर्षभरापूर्वीपर्यंत सगळं खात होते, मग कमी कसं होईल" असं मला एकीने विचारलं. शरीरात मिळून २ ते ५ मिलिग्रॅम बी १२ साठलेलं असतं, त्यातलं बरंचसं यकृतात, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज असते २.४ मायक्रोग्रॅम. हिशोब केला तर साठा वर्षानुवर्षं पुरतो. म्हणजे आज दिसणाऱ्या कमतरतेचं कारण चार-पाच वर्षांपूर्वी सुरू झालेलं असू शकतं, गेल्या महिन्यात काय खाल्लं यात ते शोधू नका. जुनं ऑपरेशन, जुनं औषध आठवा.

३. कुठली टेस्ट, आणि कशासोबत

नुसतं "बी १२ लिहून द्या" म्हणण्यापेक्षा सोबत काय काय जातंय ते बघा. पहिल्या फेरीत साधारण हे असतं:

सीरम बी १२, म्हणजे रक्तातलं एकूण बी १२. सगळीकडे होते ती हीच. सीबीसी, त्यात हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. त्यासोबत स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं. फोलेट, म्हणजे फोलिक अॅसिडच्या जातीतलं जीवनसत्त्व. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा. किडनीसाठी क्रिएटिनिन.

काही ठिकाणी सीरम बी १२ ऐवजी अॅक्टिव्ह बी १२ मिळते, तिचं खरं नाव होलोट्रान्सकोबालामिन. फरक समजून घेण्यासारखा आहे. रक्तात बी १२ मोकळं फिरत नाही, दोन वाहकांवर बसून फिरतं. बहुतेक सगळं हॅप्टोकॉरिन नावाच्या वाहकावर असतं, आणि ते शरीरातल्या बहुतेक पेशींना घेताच येत नाही. उरलेलं, ढोबळ मानाने पाचवा हिस्सा, ट्रान्सकोबालामिनवर असतं आणि पेशी वापरतात ते हे. साधी टेस्ट दोन्ही एकत्र मोजते. म्हणजे गोदामात भरपूर माल आहे आणि दुकानात काही नाही असं असलं तरी एकूण आकडा बरा दिसू शकतो. अॅक्टिव्हवाली फक्त दुकानातला माल मोजते. गरोदरपणात तर हीच बरी, कारण तेव्हा एकूण आकडा तसाही खाली येतो आणि उगाच घाबरायला होतं. पण ती सगळीकडे होत नाही, आणि ती झाली म्हणजे शंभर टक्के उत्तर मिळालं असंही नाही, तिलाही मधला संशयाचा पट्टा आहेच.

४. सॅम्पल द्यायच्या दिवशी

इथे फार काही नाही. नुसत्या बी १२ साठी उपाशी राहायची तशी गरज नसते, पण काही लॅब उपाशीपोटी या म्हणतात आणि होमोसिस्टीन (बी १२ चं काम होतंय का ते बघणारी टेस्ट, सहाव्या पायरीत येईल) सोबत असेल तर उपाशी जाणंच बरं. आधी फोन करून विचारा. पाणी प्या, नाहीतर शीर सापडत नाही.

बायोटिन. हा खरा सापळा आहे. केस-नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन भरपूर डोसमध्ये असतं आणि काही मशीनच्या टेस्टमध्ये बायोटिनचाच एक जोड वापरलेला असतो, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असेल तर मशीन फसतं. बी १२ च्या बाबतीत आकडा खोटाच वर दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला होता, आणि तरी काउंटरवर कुणी विचारत नाही. तुम्हीच सांगा, आणि किती दिवस आधी बंद करायचं ते लॅबला विचारून घ्या.

रक्त काढताना दोन-तीन वेगळ्या टोपणांच्या ट्यूब दिसतील. सीबीसीची जांभळ्या टोपणाची, बी १२ ची बहुतेक लाल किंवा पिवळ्या. होमोसिस्टीन असेल तर ती ट्यूब बर्फात ठेवतायत का, किंवा पेशी वेगळ्या करायला लगेच मशीनमध्ये फिरवायला नेतायत का, ते बघा. कारण ट्यूबमधल्या लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात, आणि सॅम्पल तासन्‌तास तसंच पडलं तर आकडा आपोआप वाढतो. माझं पहिलं सॅम्पल घरी येऊन नेलं होतं, एका पिशवीत, आणि तो मुलगा पुढे अजून चार घरी जाणार होता. त्या रिपोर्टवर डॉक्टरांनी नुसती काट मारली.

५. रिपोर्ट आला: आधी युनिट बघा, मग आकडा

बी १२ दोन युनिटमध्ये छापतात. पिकोग्रॅम प्रति मिली (नॅनोग्रॅम प्रति लिटर म्हणजे तेच, आकडा सारखाच राहतो) आणि पिकोमोल प्रति लिटर. पहिल्यावरून दुसऱ्यात जायचं तर ०.७३८ ने गुणायचं. २०० पिकोग्रॅम म्हणजे १४८ पिकोमोल.

हे का सांगतेय, तर एका नातेवाइकांचा आधीचा रिपोर्ट १९० होता, उपचारानंतर दुसऱ्या लॅबचा १६० आला आणि घरात रडारड. पहिला पिकोग्रॅममध्ये होता, दुसरा पिकोमोलमध्ये. १६० पिकोमोल म्हणजे जवळपास २१७ पिकोग्रॅम, म्हणजे वाढलंच होतं की, थोडं का होईना.

आता आकडा किती हवा? प्रत्येक लॅबची रेंज वेगळी असते कारण मशीन वेगळं, पद्धत वेगळी. त्यामुळे पुन्हा करायची तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. अंदाज यावा म्हणून, ब्रिटनच्या नाइस संस्थेने मार्च २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात असं धरलंय:

- एकूण बी १२ १८० पिकोग्रॅमच्या (१३३ पिकोमोल) खाली: कमतरता आहे
- १८० ते ३५०: सांगता येत नाही
- ३५० च्या वर (२५८ पिकोमोल): कमतरतेची शक्यता कमी
- अॅक्टिव्ह बी १२ असेल तर २५ पिकोमोलच्या खाली कमतरता, २५ ते ७० संशयाचा पट्टा, ७० च्या वर शक्यता कमी

तो मधला पट्टा केवढा मोठा आहे बघा. आणि बऱ्याच रिपोर्टवर २०० किंवा २११ च्या वर काहीही आलं की ठळक अक्षर नाही, बाण नाही, काही नाही. लोक बाण शोधतात, बाण नाही म्हणजे सगळं ठीक. २३१ ला बाण नव्हता. तो माझा आकडा होता, गोळ्या बंद करून पाच महिन्यांनंतरचा.

आता सीबीसी. पुस्तकातलं चित्र असं की बी १२ कमी, म्हणून लाल पेशी मोठ्या, एमसीव्ही १०० च्या वर, हिमोग्लोबिन कमी. स्मिअरमध्ये पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या, त्याला रिपोर्टवर हायपरसेगमेंटेड न्यूट्रोफिल लिहितात. पेशी हाडाच्या मज्जेतच फुटत असतात म्हणून त्यातून बाहेर पडणारं एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिनही वाढू शकतं. हे असेल तर फारच सोपं.

पण हे नसलं म्हणजे कमतरता नाही असं अजिबात नाही. १९८८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, बी १२ मुळे मेंदू-नसांचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांचा. त्यातल्या ४० जणांना अॅनिमिया तरी नव्हता किंवा पेशी तरी मोठ्या झालेल्या नव्हत्या. इतकी वर्षं झाली त्याला, तरी "हिमोग्लोबिन चांगलंय मग बी १२ कसं कमी असेल" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, आणि बोलणाऱ्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता.

माझा एमसीव्ही ९३ होता. मध्यावर. का, तर फेरिटिन ९, म्हणजे लोहही कमी. लोह कमी की पेशी लहान होतात, बी १२ कमी की मोठ्या, दोन्ही एकत्र झाले की सरासरी मधोमध येऊन बसते आणि रिपोर्ट निरागस दिसतो. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे जन्मापासूनच लाल पेशी लहान, असलेल्यांचंही असंच होतं. अशा वेळी आरडीडब्ल्यू बघायचा, पेशींच्या आकारात किती फरक आहे ते त्यातून कळतं, माझा वाढलेला होता. आणि म्हणूनच जुने सीबीसी सांभाळून ठेवा म्हटलं. एमसीव्ही चार वर्षांपूर्वी ८४ आणि आता ९६, दोन्ही "नॉर्मल", पण वाढत चाललाय हे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय कुणाला दिसणार?

६. मधल्या पट्ट्यात अडकलात तर: एमएमए आणि होमोसिस्टीन

इथे जरा शांतपणे वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि उत्तरही बऱ्याचदा इथेच मिळतं.

बी १२ शरीरात मुख्यतः दोन कामं करतं. एक, मिथाइलमॅलोनिल-कोए नावाच्या पदार्थाचं सक्सिनिल-कोएमध्ये रूपांतर करायला मदत. दोन, होमोसिस्टीनचं मेथिओनिन करायला मदत, आणि या दुसऱ्या कामात फोलेटही लागतं. बी १२ कमी पडलं की दोन्हीकडे कच्चा माल तुंबतो. पहिल्या ठिकाणी तुंबतं ते मिथाइलमॅलोनिक अॅसिड, म्हणजे एमएमए. दुसऱ्या ठिकाणी होमोसिस्टीन. म्हणजे या टेस्ट बी १२ किती आहे ते मोजतच नाहीत, बी १२ चं काम होतंय की नाही ते बघतात.

एमएमए बी १२ साठी जास्त नेमकी, कारण फोलेट कमी असलं तरी ती वाढत नाही. होमोसिस्टीन मात्र फोलेट कमी, बी ६ कमी, थायरॉइड मंद, किडनी कमजोर, कशानेही वाढू शकतं. किडनी कमजोर असेल तर एमएमएही वाढते, म्हणूनच पहिल्या फेरीत क्रिएटिनिन. एमएमए ०.४० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर आणि किडनी ठीक, तर डॉक्टर गंभीरपणे घेतात. काही लॅबची मर्यादा याहून खाली असते. होमोसिस्टीन साधारण १५ मायक्रोमोलच्या वर गेलं की वाढलेलं धरतात. माझी एमएमए ०.९ आली. २३१ ला बाण नव्हता आणि ही दुपटीहून वर.

एमएमए सगळीकडे होत नाही, सॅम्पल दुसरीकडे पाठवतात, रिपोर्टला दिवस लागतात. लॅबच्या काउंटरवर "असली टेस्टच नसते" असंही ऐकायला मिळेल. नाव पूर्ण लिहून न्या: मिथाइलमॅलोनिक अॅसिड, सीरम. लघवीतूनही होते पण ती वेगळी, डॉक्टरांनी कुठली लिहिलीय ते बघा.

पहिल्या पायरीत म्हटलं होतं ना, गोळ्या घेऊन बसलेल्यांसाठी दुसरा रस्ता, तोही हाच. घेऊन एखादा दिवसच झाला असेल तर या टेस्टमध्ये अजून खूण सापडू शकते. पण उपचार नीट सुरू झाले की एमएमए आणि होमोसिस्टीनही एक-दोन आठवड्यांत खाली येतात, त्यामुळे फार उशीर केला तर इथेही काही हाती लागत नाही. मग उरतं काय, तर लक्षणं, जुने रिपोर्ट आणि कारण शोधणाऱ्या टेस्ट. त्यावरूनही डॉक्टर निर्णय घेतात.

७. आकडा खोटं बोलतो तेव्हा

खोटा चांगला:

- नुकतंच घेतलेलं सप्लिमेंट. झालं सांगून.
- बायोटिन. तेही झालं.
- यकृताचे आजार आणि काही रक्ताचे आजार. यात वाहक प्रथिन किंवा साठलेलं बी १२ रक्तात जास्त येतं आणि आकडा फुगतो. काहीही न घेता बी १२ वारंवार खूप वर येत असेल तर खूश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा.
- नायट्रस ऑक्साइड. हा वायू बी १२ च्या रेणूतल्या कोबाल्टलाच निकामी करतो. बी १२ जागेवर असतं, मोजलंही जातं, पण काम करत नाही. म्हणून इथे एकूण आकड्यावर विसंबायचं नाही, होमोसिस्टीन किंवा एमएमए करायची.
- आणि एक विचित्र प्रकार, इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धची अँटिबॉडी. जठरात तयार होणारं इंट्रिन्सिक फॅक्टर बी १२ ला पकडून आतड्यातून आत नेतं. आता बऱ्याच मशीन बी १२ मोजायला हेच इंट्रिन्सिक फॅक्टर वापरतात. रक्तात त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी भरपूर असेल तर ती टेस्टमध्येही लुडबूड करते, आणि ज्या माणसाला सगळ्यात जास्त कमतरता त्याचाच आकडा नॉर्मल येऊ शकतो. नेहमी होत नाही. पण लक्षणं ओरडून सांगतायत आणि आकडा ठणठणीत, असं असेल तर डॉक्टरांकडे हे नाव काढाच.

खोटा वाईट: गरोदरपणा आणि गर्भनिरोधक गोळ्या. दोन्हीत एकूण बी १२ खाली दिसतं, पेशींना कमी पडत असेलच असं नाही. नुसत्या त्या आकड्यावर घाबरून जाऊ नका, अॅक्टिव्ह बी १२ किंवा एमएमएबद्दल विचारा.

आणि सगळं तपासूनही बी १२ निर्दोष सुटलं आणि तोल जाणं, बधिरपणा आहेच, तर तांब्याची पातळी तपासायची का हे विचारून बघा. कॉपर कमी झालं की जवळपास हुबेहूब असंच चित्र दिसतं, आणि झिंक फार दिवस जास्त घेतलं की कॉपर कमी होतं.

८. कमी आहे हे कळलं. का कमी आहे?

ही पायरी लोक सर्रास गाळतात. आकडा कमी आला, इंजेक्शनं घेतली, बरं वाटलं, बंद. मग दीड-दोन वर्षांनी परत तेच.

खाण्यात नव्हतं की आत जात नव्हतं, हा मुख्य प्रश्न. आत जात नसण्याचं एक मोठं कारण म्हणजे पर्निशियस अॅनिमिया, यात शरीर स्वतःच्याच जठराच्या पेशींवर हल्ला करतं आणि इंट्रिन्सिक फॅक्टर मिळेनासं होतं. त्यासाठी इंट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडी ही टेस्ट. पॉझिटिव्ह आली तर जवळपास पक्कं. निगेटिव्ह आली तर मात्र काहीच सुटत नाही, कारण हा आजार असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांतच ती सापडते. "निगेटिव्ह आहे म्हणजे तुम्हाला पर्निशियस नाही" असं कुणी म्हटलं तर हे लक्षात ठेवा. दुसरी एक असते, पॅरायटल सेल अँटिबॉडी, ती जास्त लोकांत सापडते पण धडधाकट माणसांतही सापडते, त्यामुळे तिच्यावर एकटीवर भरवसा नाही. जुन्या लेखांत शिलिंग टेस्ट वाचाल, किरणोत्सारी बी १२ पाजून लघवीत मोजायचे, ती आता करत नाहीत, शोधत बसू नका.

अँटिबॉडीची टेस्टही शक्यतो इंजेक्शनच्या आधी द्या, कारण काही पद्धतींमध्ये नुकतंच घेतलेलं इंजेक्शन तिचा निकाल चुकवतं. खरं तर पहिल्याच फेरीत थोडं जास्त रक्त काढून सॅम्पल राखून ठेवता येईल का असं विचारलं तर काही लॅब करतात, दुसऱ्यांदा सुई खायला नको. मला हे कुणी सांगितलं नाही, मी तीनदा खाल्ली.

माझी पॉझिटिव्ह आली. म्हणजे आता आयुष्यभर बी १२ घ्यायचंय. ऐकून वाईट वाटलं होतं, पण निदान कधी बंद करायचं हा प्रश्न तरी संपला.

९. उपचार सुरू झाल्यावर काय मोजायचं, काय नाही

सीरम बी १२ दर महिन्याला करत बसू नका. इंजेक्शनवर असताना तो वरच असणार, त्यातून काही कळत नाही.

अॅनिमिया असेल तर रेटिक्युलोसाइट म्हणजे नवीन कोवळ्या लाल पेशी आठवडाभरात वाढलेल्या दिसतात, हिमोग्लोबिनला साधारण दोन महिने द्या. अॅनिमिया फार असेल तर सुरुवातीच्या दिवसांत पोटॅशियम खाली येऊ शकतं, नवीन पेशी भराभर तयार होताना ते ओढून घेतात, म्हणून डॉक्टर तेही तपासतात. हिमोग्लोबिन मध्येच वाढायचं थांबलं तर लोह बघा. बी १२ मिळाल्यावर कारखाना जोरात सुरू होतो आणि मग लोहच कमी पडतं, माझं नेमकं हेच झालं, सहाव्या आठवड्यात.

नसांचं वेगळं. तिथे मोजायला चांगला आकडा नाही, लक्षणांची वहीच कामाची. मुंग्या कमी व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि सुरुवातीला काहींना त्या उलट वाढल्यासारख्याही वाटतात. मी वहीत दर रविवारी तीनच गोष्टी लिहायचे: मुंग्या घोट्याच्या वर आहेत की खाली, रात्री झोपमोड किती वेळा, आणि भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटल्यावर किती सेकंद सरळ राहता येतं (कुणीतरी शेजारी असतानाच करा हे). पहिल्या रविवारी चार सेकंद होते. अकराव्या रविवारी तीस झाले आणि मोजणारा कंटाळून चहा प्यायला गेला.